अंगण कुणी झाडलं

१

आमच्या रानात घराभोवती गवताची काडीसुद्धा उगवू देत नाहीत. कुंपणाच्या आत नुसती पांढरी वाळू. हिरवं बघायचं असेल तर कुंपणापलीकडे कोसच्या कोस पडलंय. खुरटे ओक आहेत, उंच पाइन आहेत, आणि पंख्यासारख्या पानांचा पाल्मेटो तर कमरेएवढा माजलेला. अंगण मात्र उघडं हवं. वाळूवरून साप गेला तर रेघ उठते. कोल्हा येऊन गेला, कुणाचं डुक्कर कुंपणाखालून शिरलं, सगळं वाळू सांगते. म्हणून आमच्याकडे माणूस उठला की तोंड धुण्याआधी ओसरीवर उभा राहतो आणि अंगण वाचतो. मला अक्षरं येत नाहीत, पण अंगण मी पासष्ट वर्षं वाचत आलोय.

झाडायचं संध्याकाळी, सूर्य पाइनच्या शेंड्यांना टेकला की. खराटा गालबेरीच्या झुडपाच्या फांद्यांचा. सुरुवात कुंपणापासून. तोंड कुंपणाकडे, पाठ घराकडे, आणि एकेक पाऊल मागं मागं यायचं. खराट्याच्या अर्धगोल रेघा माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक बसत जातात आणि आपले स्वतःचे ठसे आपणच पुसत येतो. टाच पायरीला लागली की वर चढायचं, खराटा ओसरीला टेकवायचा. जाणता माणूस नुसते खवले बघून सांगतो, झाडणारा कुठून निघाला नि कुठं पोचला. शेवटचा खवला सगळ्यांच्या वर असतो, आणि तो पायरीपाशीच असायला हवा.

आई मला शिकवताना म्हणायची, "इनस, झाडत झाडत घरात यायचं. झाडत बाहेर गेलास तर बाहेरचाच होशील."

मी तेव्हा हसायचो. बाहेरच्या बाजूला झाडत जाणारा वेडा कोण असेल?

२

वाईली माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तो गेला त्या वर्षी पाच पुरे झाले होते, मला नववं सरत आलं होतं.

त्याला उजवं-डावं कधी कळलंच नाही. रोज सकाळी बूट उलटे घालायचा. डावा उजव्यात, उजवा डाव्यात, आणि तसाच फेंगडा चालत न्याहारीला यायचा. बा म्हणायचा, "आला बघा आमचा बदक." वाईलीला ते इतकं आवडायचं की पुढं पुढं मुद्दाम उलटे घालतो की काय, अशी शंका यायला लागली.

तो दिवस गुऱ्हाळाचा. थंडी नुकती पडायला लागली होती. आमच्याकडे गूळ करत नाहीत, काकवी करतात. बा खेचराला चरकाभोवती फिरवत होता, आई काहिलीपाशी उभी राहून लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढत होती. मळी म्हणजे रसावर येणारा हिरवट-पिवळा फेस. मोठी माणसं ती डुकरांना टाकतात, पोरांचा तो जीव की प्राण. वाईलीला आईनं सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात वाढून दिली होती आणि तो अंगणात बसून चाटत होता. कपाळापर्यंत चिकट झाला होता.

आता माझी गोष्ट. अंगण झाडायचं काम माझं होतं, संध्याकाळचं. पण संध्याकाळी पहिली काकवी उतरणार, गरम भाकरीवर पडणार, तेव्हा कोण खराटा धरणार? मी शहाणपणा केला. भर दुपारीच झाडायला घेतलं.

"वाईली, ऊठ इथून. मला झाडायचंय."

"मी कुठं जाऊ?"

"जा कुठंही. माझ्या वाळूवर पाय ठेवू नकोस."

एवढंच बोललो. मग कुंपणाकडे तोंड केलं आणि आईनं शिकवलं होतं तसं मागं मागं आलो. नीट झाडलं. इतकं नीट मी त्याआधी कधी झाडलं नव्हतं. सगळे खवले सारखे. टाच पायरीला लागली.

तासाभरानं आईनं हाक मारली. मग दुसरी. तिसऱ्या हाकेला बा चरक सोडून पळत आला, अंगणाच्या काठावर येऊन थबकला. मला अजून दिसतं. त्यानं अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"अंगण कुणी झाडलं?"

"मी," मी म्हणालो. मला वाटलं, शाबासकी मिळणार.

फाटक उघडं होतं. फाटकाबाहेर गुराढोरांनी तुडवलेला रस्ता, त्यापलीकडे पानांचा खच. तिथं पोराच्या पावलाचा ठसा उठत नाही. तीन वाटा होत्या. एक दलदलीकडे, एक नदीकडे, आणि एक जमीन खचून झालेल्या पाण्याच्या खड्ड्याकडे. अंगणातला शेवटचा ठसा कुठल्या बाजूला वळलाय हे कळलं असतं तर बा त्या वाटेनं धावला असता. तो खड्ड्याकडे धावला, कारण तिथं पाणी होतं. शेजारी आले, चार दिवस रान पिंजून काढलं. बुटाचा बंदसुद्धा सापडला नाही. तुंबासुद्धा नाही.

बानं मला जन्मात कधी त्यावरून एक शब्द काढला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. आता वाटत नाही. तो भला माणूस होता.

३

पुढच्या वर्षी पुन्हा थंडी पडली, ऊस पिकला. आई म्हणाली, काहील लावायची. बा नको म्हणत होता. आई म्हणाली, "ऊस काय आपलं दुःख बघून उभा राहील का?" मग लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर आलो आणि अंगण वाचलं.

फाटकाकडून पायरीपर्यंत पावलं आलेली होती, आणि तशीच परत गेलेली. लहान, अनवाणी, दोन पायांची.

मी ओरडलो नाही. नुसता "बा" म्हणालो. बा आला. गुडघ्यावर बसला.  मग खांदे खाली सोडून म्हणाला, "अस्वल आहे."

आई मागं उभी होती. "अस्वलाला चार पाय असतात."

"मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडतो, म्हणून दोनच दिसतात. हे बघ. आंगठा कुठं आहे?"

खरंच. आंगठा बाहेरच्या बाजूला होता. माणसाचा आंगठा आत असतो, अस्वलाचं मोठं बोट बाहेर. आमच्या रानातलं शेंबडं पोरही हे जाणतं. अस्वलाच्या उजव्या पायाचा ठसा माणसाच्या डाव्या पायासारखा दिसतो आणि डाव्याचा उजव्यासारखा. जणू कुणी पाय अदलाबदल करून चाललंय.

"नखं दिसत नाहीत," आई म्हणाली.

"कोरड्या वाळूत नेहमी उठत नाहीत. पिल्लू आहे, मळीच्या वासानं आलंय."

आई ठशांच्या शेजारी बसली. अगदी सावकाश, कुणाची झोप मोडू नये तसं.

"त्याला कधी उजवं-डावं कळलं होतं का?" ती म्हणाली.

"अगं, ते बूट! बूट उलटे होतात. पाय कसे उलटे होतील?"

"रानात राहून झाले असतील," आई म्हणाली आणि उठून भाकरी थापायला गेली.

त्या दिवशी ती गाणं गुणगुणत होती. वर्षभरात पहिल्यांदा.

४

आमच्याकडे बुटाचं माप काडीनं घेतात. वर्षातून एकदा बा नदीच्या धक्क्यावर जायचा, बोट यायची तेव्हा. जाण्याआधी आई पाल्मेटोच्या पानाचा देठ घ्यायची, मला उभं करायची आणि टाचेपासून आंगठ्यापर्यंत काडी कापायची. बा ती खिशात घालून न्यायचा, दुकानात बुटात घालून बघायचा. काडी बसली की बूट घ्यायचा.

त्या वर्षी आईनं दोन काड्या कापल्या. एक माझ्या पायावर, एक वाळूतल्या ठशावर. दुसरी तिनं बाला दिली नाही. पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवली.

पावलं दर वर्षी आली. काहील लावली की त्या रात्रीत केव्हातरी. आई फाटकाच्या खांबाला मळीचा तुंबा टांगून ठेवायची, सकाळी तो चाटूनपुसून स्वच्छ. आणि दर वर्षी ती एक काडी कापायची. डब्यातल्या काड्या हळूहळू लांब होत गेल्या. माझ्या जुन्या काड्याही तिनं टाकल्या नव्हत्या. कधी पावसात काम नसलं की ती दोन्ही ढीग मांडून बसायची, माझी सहा वर्षांची नि त्याची सहा वर्षांची, माझी आठची नि त्याची आठची, आणि म्हणायची, "तुझ्यापेक्षा जरा मोठा निघणार. माझ्या भावाच्या अंगावर गेलाय."

खरं सांगतो, आमचं घर तेव्हा दुःखी नव्हतं. लोकांना वाटायचं, या घरातलं एक पोर गेलंय. आम्हाला वाटायचं, ते वाढतंय. बा तोंडानं अस्वल म्हणायचा, पण ऊस तोडताना एक ओळ ठेवायचा. कुणासाठी, ते बोलायचा नाही.

एका वर्षी, वाईलीला दहा झाले असते त्या वर्षी, बा धक्क्यावरून बुटांचे दोन जोड घेऊन आला. एक माझ्या मापाचा. दुसरा आईपुढं ठेवला आणि खेचराला पाणी दाखवायला गेला. त्यानं ती काडी डब्यातून केव्हा नेली होती, कुणास ठाऊक.

आईनं तो जोड संध्याकाळी खालच्या पायरीवर ठेवला. नीट, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, टाचा घराकडे.

सकाळी पावलं येऊन गेलेली होती. बूट तिथंच होते. फक्त डावा उजवीकडे होता नि उजवा डावीकडे.

 बानं माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांपूर्वी बघितलं होतं तसंच, पण या खेपेला त्या नजरेत विनवणी होती.

"इनस, तू केलंस ना?"

मी केलं नव्हतं. मी म्हणालो, "हो, बा. गंमत केली."

बा इतका मोठ्यानं हसला की खेचर दचकलं. माझ्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग डोळे पुसत म्हणाला, "मेल्या, जीव घेतलास माझा." त्या दिवशी त्यानं दोन माणसांएवढी न्याहारी केली.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं बूट उचलले, फडक्यानं पुसले आणि कपाटात ठेवले. तसेच, उलटे.

५

मी काही खुळा नाही. म्हातारा माणूस एकटा बसतो तेव्हा त्याला विचार करायला वेळ असतो, आणि मी या गोष्टीचा विचार दोन्ही बाजूंनी केलाय.

अस्वलाला गोड आवडतं. गुऱ्हाळाचा वास त्याला कोसावरून येतो. एकदा खायला मिळालं की ते दर वर्षी येतं. कुठलंही अस्वल कुठल्याही वर्षी लहान असतं, मोठं असतं. एक मेलं की दुसरं येतं. आईनं काड्या कापताना हात थोडा पुढंमागं केला असेल. बूट? मी झोपेत उठून केलं असेल. पोरं करतात.

हे सगळं मी स्वतःला सांगतो आणि सगळं पटतं. मग संध्याकाळी अंगण झाडताना हात आपोआप हलका होतो. फाटकापाशी मी जरा थांबतो.

आई गेली तेव्हा थंडीच होती. हात माझ्या हातात होता. म्हणाली, "काहील बंद करू नकोस." एवढंच. बा आधीच गेला होता. मी लग्न केलं, ल्यूडी झाली, तिची आई पुढं तापानं गेली. ल्यूडी या अंगणात वाढली, अंगण वाचायला माझ्यापाशी शिकली. तिला मी सांगितलं, अस्वल येतं. तिनं कधी जास्त विचारलं नाही. पुढं तिनं धक्क्यावरच्या हॉइटशी लग्न केलं आणि तिकडे गेली. गुऱ्हाळाला मात्र दोघं दर वर्षी येतात.

पावलं वाढायची थांबली माझ्या बाविसाव्या वर्षी. माणूस थांबतो तेव्हा. काडी माझ्या काडीएवढीच भरली, तसूभरही कमी नाही की जास्त नाही. आणि गेली पाच-सहा वर्षं डाव्या पायाचा ठसा जरा ओढल्यासारखा येतो. माझाही डावा गुडघा थंडीत धरतो.

अस्वलंही म्हातारी होतात.

६

हॉइट चांगला आहे. बोलका आहे, पोटात काही ठेवत नाही. पण त्याला बंदूक हातात आली की बाकी काही सुचत नाही. या वर्षी त्याच्या डुकरिणीला अस्वलानं फाडलं होतं, धक्क्याच्या वरच्या अंगाला. तेव्हापासून तो पेटला होता. काहिलीपाशी उभा राहून झारा हलवत तो मला म्हणाला, "बा, उद्या सकाळी कुत्री सोडतोय, मागच्या खोपटात बांधलीत. चार. तुमच्या पाहुण्याचा निकाल लावून टाकू."

"कुठला पाहुणा?"

"घ्या! सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. म्हातारा इनस अस्वलाला मळी पाजतो. तुमच्या अंगणात एवढा चांगला ताजा माग मिळतो, कुत्र्यांना नुसतं नाक लावायचं. दुपारपर्यंत चरबीचे डबे भरतो बघा."

"तुझी डुकरीण धक्क्यावर मेली. इथलं अस्वल इतकं लांब जात नाही."

"त्यानं तुम्हाला सांगितलं का?" हॉइट हसला. "ल्यूडे, ऐकलंस? तुझ्या बाला अस्वलाचा पत्ता ठाऊक आहे."

ल्यूडी भाकरी उलटत होती. म्हणाली, "राहू द्या की. येतं, चाटतं, जातं. इतकी वर्षं कुणाचं काय बिघडवलं?"

"आज मळी, उद्या माणूस. तुझा बा इथं एकटा असतो. त्याला काही झालं तर तूच मला बोलशील." हे मात्र त्यानं हसत म्हटलं नाही. त्याला माझी काळजी होती, ते मला दिसत होतं. काळजी करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

मी म्हणालो, "कुत्री बांधून ठेव. म्हातारं आहे ते."

"मग तर सोपंच की," हॉइट म्हणाला.

संध्याकाळी मी अंगण झाडलं. कुंपणापासून, मागं मागं. कंबर भरून आली. तुंबा टांगू की नको, असं मनात आलं. नाही टांगला तर कदाचित येणार नाही. पण आईला शब्द दिला होता, आणि शिवाय, सांगायला लाज वाटते, एक वर्षही ती पावलं दिसली नाहीत तर मी काय वाचू? मी टांगला.

पडलो तेव्हा मनाशी ठरवलं. उजाडायच्या आत उठायचं आणि पावलं उमटली असतील ती झाडून टाकायची. हॉइट विचारेल तेव्हा म्हणायचं, मी झाडलं. नऊ वर्षांचा असताना जे न कळत केलं, ते या खेपेला कळून करायचं. कुत्र्यांच्या नाकापुढं त्याचा काय उपयोग, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या हातात तेवढंच होतं.

७

जाग आली ती आवाजानं.

खर्र. खर्र. खर्र.

खिडकीत दुधासारखा उजेड होता. धुकं. पहिला विचार आला, ल्यूडी लवकर उठली, शहाणी पोर, अंगण झाडतेय. मी तसाच पडून ऐकत राहिलो. बरं वाटत होतं. घरात कुणीतरी आपल्या आधी उठून झाडतंय, हा आवाज मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता.

मग लक्षात आलं की आवाज लांब जातोय.

झाडणारा घराकडे येतो. आवाज जवळ जवळ यायला हवा. हा पायरीपाशी सुरू होऊन फाटकाकडे चालला होता.

मी उठलो. मधल्या खोलीत ल्यूडी आणि हॉइट झोपलेले, हॉइट घोरत होता. त्यांच्यावरून पाय टाकून मी ओसरीवर आलो. खराटा मी जिथं टेकवला होता तिथं नव्हता.

धुकं अंगणावर कमरेएवढं होतं. फाटकापाशी, म्हणजे चाळीस पावलांवर, कुणीतरी वाकून झाडत होतं. तोंड घराकडे, पाठ रानाकडे. एकेक पाऊल मागं. डावा पाय जरा ओढत. अंगावर काय होतं ते सांगता येणार नाही, पाइनच्या सालीसारखं काहीतरी करडं. डोकं खाली, केस की काय ते वाळूपर्यंत लोंबत होतं, आणि त्याच्या आड तोंड. खवले इतके सारखे पडत होते की माझेच वाटावेत.

त्यानं मान वर केली असती तर मला सगळं कळलं असतं. मला आठवतंय, मी मनात म्हणत होतो, करू नकोस. आणि म्हणत होतो, कर.

माझ्या तोंडून निघालं ते आईच्या सुरात निघालं. ती काम संपल्यावर म्हणायची तसं. "पुरे आता, वाईली."

खराटा थांबला.

तेवढ्या वेळात मागच्या खोपटात कुत्री जागी झाली असावीत, कारण साखळ्या वाजल्या. भुंकली मात्र नाहीत.

मग पुन्हा, खर्र. एकदाच. आणि फाटकाचं लाकूड कुरकुरलं.

८

मी पायरी उतरलो. सबंध अंगण झाडलेलं होतं, कुंपणापासून कुंपणापर्यंत. एक ठसा सोडून. तो अगदी खालच्या पायरीशी होता, पायरीकडे तोंड करून. झाडायला सुरुवात केली तेव्हा तेवढा एक राहून गेला असेल. किंवा ठेवला असेल.

आत हॉइट खोकला. मी पाय उचलला आणि त्या ठशावर ठेवला. टाचेला टाच बसली. चवडा बसला. फक्त माझा आंगठा आतल्या बाजूला कोऱ्या वाळूवर पडला, आणि बाहेरच्या बाजूला त्याचा आंगठा माझ्या करंगळीखालून डोकावत राहिला. मी करंगळी जरा पसरली.

हॉइट बाहेर आला, डोळे चोळत. अंगण बघितलं आणि तो आ वासून उभा राहिला.

"अंगण कुणी झाडलं?"

बासष्ट वर्षांनी तेच शब्द.  

"मी," मी म्हणालो.

"सकाळी? बा, तुम्ही संध्याकाळी झाडता! आज सकाळीच सुचलं? अहो, माग घालवलात सगळा!"

"म्हाताऱ्याला झोप येत नाही. काहीतरी करतो."

हॉइटनं कपाळाला हात लावला. तरीही कुत्री सोडली. चारही कुत्री अंगणात आली, नाकं वाळूला लावली, इकडून तिकडे फिरली. फाटकापर्यंत गेली. तिथं बसली. आणि रानाकडे तोंड करून शेपट्या हलवायला लागली. घरचा माणूस कामाला निघाला की हलवतात तशा.

"वास गार पडलाय," हॉइट म्हणाला. "तुमच्या सफाईनं वाट लावली. या कुत्र्यांना काय झालंय? हलकट मेली, लाडात आलीत!" तो त्यांना शिव्या घालत, ओढत खोपटाकडे घेऊन गेला. दोन घोट कॉफी पोटात गेल्यावर हसेल, हे मला ठाऊक होतं. तो तसाच आहे.

ल्यूडी ओसरीवर उभी होती. केव्हापासून, कळलं नाही. ती कुत्र्यांनी नि हॉइटनं तुडवून उरलेल्या खवल्यांकडे बघत होती. पायरीपासून सुरू होणारे, फाटकाकडे जाणारे. सगळ्यात वरचा खवला फाटकात होता, आणि खराटा फाटकापलीकडे, कुंपणाच्या आडव्या लाकडावर नीट ठेवलेला होता. इथून दिसत होता. तिच्या नजरेनं ते सगळं वाचलं, आणि वाचत वाचत परत माझ्या पायाशी आली.

"बा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही झाडत फाटकाबाहेर गेलात, तर परत कसे आलात? आत येताना पावलं उठली नाहीत."

  मी पाय उचलला.

ती उतरली, ठशापाशी बसली. आईसारखीच, अगदी सावकाश.  मग म्हणाली, "अस्वल आहे," आणि तिचा आवाज इतका मऊ होता की मला बा आठवला.

"हो," मी म्हणालो.

ती आत गेली आणि पाल्मेटोचा देठ नि सुरी घेऊन आली. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. तिनं ठशावर काडी कापली. मग म्हणाली, "पाय ठेवा, हॉइट बोटीवर जाणार आहे, तुम्हालाही बूट हवेत," आणि माझ्या पायावर दुसरी कापली. दोन्ही हातात धरून तिनं एकमेकींना लावून पाहिल्या. तेवढ्यात हॉइटनं हाक मारली, ती दचकली, आणि काड्या वाळूत पडल्या.

उचलल्या तेव्हा कुठली कुणाची, ते तिला सांगता आलं नाही. मलाही नाही. एक तिनं हॉइटच्या खिशात घातली, एक डब्यात ठेवली. मग ती उंबऱ्यापाशी थांबली. "बा, आमच्याकडे राहायला चला म्हणणार होते या वर्षी."

"मग?"

"नाही म्हणत," ती म्हणाली. "पण मला एक सांगून ठेवा. कधी आम्ही आलो नि अंगण असं दिसलं, बाहेरच्या बाजूला झाडलेलं, आणि तुम्ही घरात नसलात, तर मी काय करू?"

मी विचार केला. घाई नव्हती. काहिलीखाली कालचा विस्तव अजून उबदार होता, काकवीचा वास येत होता, धुकं वर चाललं होतं.

"काहील लाव," मी म्हणालो. "आणि तुंबे दोन टांग."